लेबल धरून ऐका: खोल, गुंगवणाऱ्या टेक्नो आणि हाउसची पहिली वाट

टेक्नो किंवा हाउस हे क्लबमधलं, नाचाचं इलेक्ट्रॉनिक संगीत नव्याने ऐकू लागलेला माणूस बहुतेक वेळा एखाद्या डीजेच्या नावापासून सुरुवात करतो. दोन-चार आठवडे मजेत जातात आणि मग गाडी अडते. ॲपवर 'डीप टेक्नो' असं शोधलं की ट्रॅकचा ढीग समोर येतो आणि त्यातले निम्मे एकसारखे वाटतात. एखादा खरंच मनात बसला, तर त्या जातीचं आणखी कुठे मिळेल ते उमगत नाही.

अशा वेळी कलाकाराचं नाव बाजूला ठेवून लेबल, म्हणजे रेकॉर्ड छापणारी कंपनी, धरावं. या संगीतात एकच माणूस पाच-सहा नावांनी रेकॉर्ड काढतो. कव्हरवर फोटो नसतो, कधी कधी नावही नसतं. ओळख टिकते ती लेबलची. स्वतंत्र लेबल म्हणजे एक-दोन माणसं, त्यांचे स्वतःचे पैसे आणि स्वतःच्या कानावरचा भरवसा. जे त्यांना पटत नाही ते छापलंच जात नाही. त्यामुळे एका लेबलच्या पाच रेकॉर्डी ऐकल्या की ती माणसं काय शोधताहेत ते कळायला लागतं, आणि सहावी रेकॉर्ड अनोळखी राहत नाही.

आपल्याकडे अनेकांची इलेक्ट्रॉनिक संगीताशी पहिली गाठ गोव्यात पडते, हणजूण-वागातोरच्या ट्रान्समधून. त्या सवयीने इथे आलात तर सुरुवातीला जड जाईल. ट्रान्सचा वेग मिनिटाला १४० ठोक्यांच्या आसपास, त्यात सुरावटींचे थर चढत जातात, मग सगळं थांबतं आणि एकदम कोसळतं. ज्या टेक्नो-हाउसबद्दल मी लिहितोय ते साधारण १२० ते १३० च्या दरम्यान चालतं आणि त्यात तसा कळस नसतो. 'आता काहीतरी होणार' ही वाट पाहणं सोडलं की पुढचं सोपं आहे.

पायरी १: ऐकण्याची सोय लावा

मोबाइलच्या स्पीकरवर हे संगीत ऐकूच नका. किक ड्रमचा, म्हणजे सतत पडणाऱ्या जाड ठोक्याचा, मुख्य जोर साधारण ५० हर्ट्झच्या आसपास असतो आणि मोबाइलचा टिचभर स्पीकर तिथवर पोचत नाही. म्हणजे ज्या पायावर सगळं उभं आहे तोच गायब होतो आणि वरची टकटक तेवढी उरते. लॅपटॉपचंही तेच. वायरवाला साधा, बऱ्यापैकी हेडफोन पुरतो, महागड्या सामानाची गरज नाही. ॲपमधलं शफल बंद करा, क्रॉसफेड (एक ट्रॅक दुसऱ्यात मिसळणं) बंद करा, इक्वलायझर सपाट ठेवा. बास वाढवण्याचं बटण तर कटाक्षाने बंद. या रेकॉर्डी मास्टर करणाऱ्यांनी, म्हणजे छापण्याआधी आवाजाचा शेवटचा तोल साधणाऱ्यांनी, तळाचा आवाज किती ठेवायचा यावर जिवापाड मेहनत घेतलेली असते.

एका बैठकीला अर्धा तास काढा. भाजी निवडताना, कपड्यांच्या घड्या घालताना ऐकलं तरी चालेल, हात कामात असले की कान उलट मोकळे होतात. व्हॉट्सॲप वाचत ऐकलं तर मात्र काहीच हाती लागणार नाही.

पायरी २: एकच लेबल निवडा

पहिल्या महिन्यासाठी मी नव्या माणसाला बर्लिनचं बेसिक चॅनल सांगतो. यापेक्षा सोपी लेबलं आहेत, पण पुढच्या तीस वर्षांत जे खोल टेक्नो आलं त्यातलं बरंचसं या एका दारातून गेलंय, आणि त्याचा पसारा एका महिन्यात ऐकून होण्याजोगा आहे.

मार्क एर्नेस्टुस याने १९८९ मध्ये बर्लिनच्या क्रॉइत्सबर्ग भागात हार्ड वॅक्स नावाचं रेकॉर्डचं दुकान काढलं. भिंत पडली तेच हे वर्ष. टेक्नोचं माहेर डेट्रॉइट आणि हाउसचं शिकागो, तिथून येणाऱ्या रेकॉर्डी या दुकानातून बर्लिनमध्ये पसरल्या. मोरित्झ फॉन ऑस्वाल्ड आधी पालै शाउमबुर्ग या बँडमध्ये तालवाद्यं वाजवत असे. या दोघांनी मिळून बेसिक चॅनल सुरू केलं आणि १९९३-९४ या दोन वर्षांत नऊ बारा इंची रेकॉर्डी काढल्या, बीसी-०१ ते बीसी-०९. मग थांबले. १९९५ मध्ये त्यातलं निवडक 'बीसीडी' या एका सीडीवर आलं.

या नऊ रेकॉर्डींवर सायरस, क्वाड्रंट, ऑक्टागॉन, रेडियन्स अशी नावं दिसतात. बहुतेक सगळ्यांमागे हेच दोघे. मधल्या लेबलवर छापलेली अक्षरंसुद्धा ताणून-वाकवून अशी केलेली की वाचायला डोळे बारीक करावे लागतात. मुलाखती जवळजवळ नाहीतच. 'आमच्याकडे बघू नका, ऐका' हे त्यांनी इतक्या सातत्याने पाळलं की पुढच्या कितीतरी लेबलांनी तोच शिरस्ता उचलला.

ऐकण्याचा क्रम मी असा ठेवीन. आधी 'फिलिप्स ट्रॅक': ठोका ठणठणीत आहे, धरायला खांब मिळतो. मग 'क्वाड्रंट डब': लांबलचक, एका कॉर्डभोवती फिरणारा. शेवटी 'रेडियन्स': इथे ठोका जवळजवळ विरून गेलाय, खरखर आणि प्रतिध्वनी तेवढे उरलेत. 'रेडियन्स'पासून सुरुवात केलेली बरीच माणसं पाचव्या मिनिटाला उठून जाताना मी पाहिली आहेत, म्हणून तो शेवटी.

पायरी ३: नेमकं काय ऐकायचं

नवा माणूस म्हणतो, 'यात काही घडतच नाही.' घडतं, फक्त सुरावटीत घडत नाही. उदाहरण म्हणून 'फिलिप्स ट्रॅक'सारखा कुठलाही ट्रॅक घ्या आणि सोयीसाठी वेग १२५ धरा. मग एक ठोका ०.४८ सेकंदांचा. कॉर्डचा, म्हणजे एकदम वाजणाऱ्या काही स्वरांचा, एक तुटक फटका येतो आणि त्यामागे त्याचे प्रतिध्वनी. या जातीच्या संगीतात प्रतिध्वनीचं अंतर बरेचदा पाऊण ठोका ठेवतात, म्हणजे ०.३६ सेकंद. त्यामुळे पहिला प्रतिध्वनी ठोक्यावर पडत नाही, अलीकडे पडतो. दुसरा आणि तिसराही ठोक्यांच्या मधल्या वेगवेगळ्या जागी. चौथा १.४४ सेकंदांनी, बरोबर तीन ठोक्यांवर येऊन बसतो. तोवर त्याचा आवाज इतका खाली गेलेला असतो की तो ऐकू आला की भास झाला ते सांगता येत नाही. फटका एकच, पण त्यातून एक वेगळीच लय उभी राहते, आणि ती कुणी वाजवलेली नाही.

त्यातच फिल्टर, म्हणजे आवाजाचा वरचा भाग अडवणारी चाळणी, हळूहळू उघडतो. सुरुवातीला कॉर्ड कोंदट, बंद दारामागून आल्यासारखा. चार मिनिटांनी तोच कॉर्ड धारदार, धातूसारखा झालेला असतो. तो नेमका कधी बदलला ते सांगता येणार नाही. पहिल्या आणि पाचव्या मिनिटाला थोडं थोडं ऐकून बघा, फरक ध्यानात येईल. हा प्रयोग एकदा जरूर करा. मग मात्र ट्रॅक पुढे-मागे सरकवणं बंद.

स्वतंत्र तबलावादन ऐकलेल्या माणसाला हे फार परकं वाटू नये. हार्मोनियमवर लेहरा तासभर तोच चालू असतो, त्याबद्दल कुणी तक्रार करत नाही, कारण तो स्थिर आहे म्हणूनच बाकीचं बारकाव्यानं कळतं. इथे तो मान किक ड्रमला आहे.

आणखी एक गोष्ट कानाने पकडायचा सराव करा. चार ठोक्यांच्या एका घराचे सोळा भाग पाडतात. त्यावर पाच भागांचा एखादा छोटा आवाज फिरवत ठेवला, तर तो दर वेळी वेगळ्या जागी सुरू होतो आणि पाच घरं झाल्यावर पुन्हा पहिल्या जागेवर येतो. १२५ च्या वेगाला हे ९.६ सेकंदांचं आवर्तन झालं. गुंगी येते ती अशा गोष्टींनी. कान आवर्तनाचा शेवट शोधत राहतो आणि तो सापडायच्या आत दुसरं आवर्तन सुरू झालेलं असतं. हे तंत्र बेसिक चॅनलपेक्षा पुढच्या काळातल्या इटालियन, स्पॅनिश आणि स्वीडिश लेबलांवर जास्त ठळक ऐकू येतं.

पायरी ४: रेकॉर्ड वाचायला शिका

डिस्कॉग्ज हे संकेतस्थळ उघडा. २००० साली सुरू झालेली ही रेकॉर्डींची सूची लोकांनी भरलेली आहे. तिथे लेबलचं पान काढा आणि यादी कॅटलॉग क्रमांकाने लावा. क्रमांक म्हणजे त्या लेबलचा दिनक्रमच. कोण पहिल्यांदा आलं, कोण परत आलं, कधी दोन वर्षं काहीच निघालं नाही, सगळं एका नजरेत दिसतं.

मग श्रेयनामावलीत मास्टरिंग कुणी केलं ते बघा. नव्या माणसाचं इकडे लक्ष जात नाही आणि खरा धागा इथेच असतो. बर्लिनमधल्या अशा असंख्य रेकॉर्डींवर डब्लप्लेट्स अँड मास्टरिंग हे नाव दिसेल, बेसिक चॅनल आणि हार्ड वॅक्सच्याच वर्तुळातून उभा राहिलेला कटिंग स्टुडिओ, म्हणजे रेकॉर्डची खाच कापणारी जागा. डेट्रॉइटच्या रेकॉर्डींवर रॉन मर्फी आणि त्याचं नॅशनल साउंड कॉर्पोरेशन. रेकॉर्ड कापणारा माणूस इथे निव्वळ कारागीर नसतो. डेट्रॉइटच्या जेफ मिल्स या संगीतकाराच्या ॲक्सिस लेबलवर १९९४ मध्ये 'सायकल ३०' निघाली, तिच्यावर बंद खाचा आहेत. सुई पुढे न सरकता एकाच वर्तुळात फिरत राहते. ३३⅓ च्या वेगाला रेकॉर्डचा एक फेरा १.८ सेकंदांचा, त्यात चार ठोके बसवले तर वेग येतो मिनिटाला १३३.३. म्हणजे त्या खाचेत बसणाऱ्या ट्रॅकचा वेग संगीतकाराने नाही, तबकडीने ठरवला. असं काही वाचल्यावर ती रेकॉर्ड वेगळीच ऐकू येते.

पायरी ५: एका लेबलवरून दुसऱ्याकडे

इथून तीन वाटा फुटतात. तिन्हींवर एकदम चालू नका.

पहिली वाट मागे, डेट्रॉइटकडे. अंडरग्राउंड रेझिस्टन्स हे लेबल आणि त्यातून बाहेर पडलेले जेफ मिल्स आणि रॉबर्ट हूड. मिल्सने १९९२ मध्ये ॲक्सिस काढलं. हूडची 'मिनिमल नेशन' १९९४ मध्ये त्यावर आली आणि त्याच वर्षी त्याने स्वतःचं एम-प्लांट सुरू केलं. 'मिनिमल नेशन' ऐकताना बेसिक चॅनलशी तुलना करा: इथे धुकं नाही, प्रतिध्वनी नाहीत, चार-पाच आवाज कोरडेठाक उभे आहेत, तरी माणूस गुंगतो. दोन्ही शहरांची देवघेव जुनी आहे. बर्लिनच्या ट्रेझॉर क्लबच्या लेबलची १९९१ मधली पहिलीच रेकॉर्ड डेट्रॉइटच्या याच मंडळींची होती, 'एक्स-१०१' या नावाने.

दुसरी वाट बाजूला, हाउसकडे, आणि ती मला सगळ्यात प्रिय. बेसिक चॅनलवाल्याच दोघांनी मेन स्ट्रीट नावाचं आणखी एक लेबल चालवलं. त्यावर राउंड वन ते राउंड फाइव्ह अशा नावांनी पाच रेकॉर्डी निघाल्या. त्यांत चक्क गाणारा आवाज आहे, ऊब आहे. एकीकडे 'रेडियन्स'ची खरखर आणि दुसरीकडे हे, आणि दोन्ही एकाच टेबलावर तयार झालेलं. टेक्नो आणि हाउस ही दोन वेगळी घराणी मानणाऱ्याने या रेकॉर्डी लागोपाठ ऐकाव्यात. इथून शिकागोच्या लॅरी हर्डकडे जा. मिस्टर फिंगर्स या नावाने १९८६ मध्ये ट्रॅक्स लेबलवर आलेला त्याचा 'कॅन यू फील इट' हा खोल हाउसचा पाया. मग डेट्रॉइटला परत: मूडीमनचं केडीजे आणि थिओ पॅरिशचं १९९७ मध्ये सुरू झालेलं साउंड सिग्नेचर. पॅरिशचे ट्रॅक बारा-बारा मिनिटं ओबडधोबड चालतात आणि सात-आठ मिनिटांनी अचानक सगळं जागेवर बसल्यासारखं वाटतं. धीर धरा. याच भावकीतलं जर्मनीचं पर्लोन, झिप आणि मार्कुस निकोलाय यांचं, १९९७ पासूनचं. ते मुख्यतः तबकडीवरच छापतात.

तिसरी वाट पुढे. १९९५ मध्ये बेसिक चॅनलवाल्यांनी चेन रिॲक्शन काढलं आणि त्यावर इतरांना जागा दिली. पोर्टर रिक्सचा 'बायोकिनेटिक्स' १९९६ चा, मोनोलेकचा 'हाँगकाँग' १९९७ चा. मोनोलेकमधले गेरहार्ड बेल्स आणि रॉबर्ट हेंके पुढे एबलटन लाइव्ह या सॉफ्टवेअरच्या उभारणीत होते, म्हणजे आज जगभरातली पोरं घरात बसून ज्यावर ट्रॅक बांधतात त्याची मुळंही याच लेबलच्या आसपास सापडतात. 'बायोकिनेटिक्स' मात्र हेडफोनवर, रात्री, एकट्याने ऐका. पाण्याखालून इंजिन चालल्यासारखा तो आवाज दिवसा, पंख्याच्या घरघरीत निम्मा हरवतो.

तिथून अलीकडे या. इटलीचे डोनाटो डोझी आणि नील यांनी 'व्हॉइसेस फ्रॉम द लेक' या नावाने म्युनिकच्या प्रोलॉग लेबलवर २०१२ मध्ये अल्बम केला. ट्रॅक वेगळे असले तरी तो सलग एकच प्रवास आहे, मध्ये थांबवू नका. याच दोघांचं पुढचं लेबल स्पाझिओ डिस्पोनिबिले. माद्रिदचं, स्व्रेका चालवतो ते सेमॅंटिका. स्टॉकहोमचं नॉर्दर्न इलेक्ट्रॉनिक्स आणि स्वीडनचंच हिप्नस, या दोन्हींवर संगीत जंगलात शिरल्यासारखं गडद होत जातं. आपल्या देशातलं टेक्नो ऐकायचं असेल तर दिल्लीच्या किल्ला रेकॉर्ड्सपासून सुरुवात करता येईल.

एक आडवाट आहे, पण ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. छोटी लेबलं नवं काढतात तशी हरवलेलंही शोधून काढतात. एर्नेस्टुस आणि फॉन ऑस्वाल्ड यांनी न्यूयॉर्कच्या वॅकीज या रेगे लेबलच्या जुन्या रेकॉर्डी पुन्हा छापल्या. ज्या डबमधून, म्हणजे रेगेच्या प्रतिध्वनींनी भरलेल्या रूपातून, आपण प्रतिध्वनी शिकलो, त्याची परतफेड. आणि आपल्या मुंबईत हिंदी सिनेमासाठी वाजवणाऱ्या चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये रोलंडची टीबी-३०३, टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८ ही यंत्रं घेऊन डिस्को ठेक्यावर दहा रागांची एलपी केली होती. एचएमव्हीने काढली, चालली नाही, विसरली गेली. २०१० मध्ये बॉम्बे कनेक्शन या डच लेबलने ती पुन्हा छापली तेव्हा जग थक्क झालं, कारण ॲसिड हाउस या हाउसच्याच उपप्रकाराचा जो आवाज शिकागोने नंतर घडवला तो तिच्यात आधीच होता. शिकागोवाल्यांनी ती ऐकली होती असं नाही. पण एका छोट्या लेबलच्या खटपटीशिवाय आपल्यालाही ती ऐकायला मिळाली नसती. त्यातला भैरव लावून बघा, ठेका आणि यंत्रं ओळखीची वाटतील.

पायरी ६: पैसे कुठे द्यायचे

ओळख करून घ्यायला यूट्यूब चालतं. आवडलं की विकत घ्या, आणि शक्यतो बँडकॅम्पवरून. तिथे डिजिटल विक्रीवर १५ टक्के आणि वस्तूंवर १० टक्के कापून (पैसे वळते करण्याचा खर्च वेगळा) उरलेलं लेबलला जातं. मार्च २०२० पासून ते अधूनमधून बँडकॅम्प फ्रायडे ठेवतात, त्या शुक्रवारी आपला वाटा सोडतात. कंपनीची मालकी २०२२ मध्ये एपिक गेम्सकडे आणि २०२३ मध्ये साँगट्रेडरकडे गेली, म्हणून विकत घेतलेलं लगेच फ्लॅक (आवाजाचा दर्जा न घटवणाऱ्या) फाइलमध्ये उतरवून दुसऱ्या हार्ड डिस्कवरही ठेवा. उद्या लेबलने पान बंद केलं तरी तुमचं संगीत तुमच्याकडे राहील.

भारतातून पैसे भरताना कार्ड नाकारलं गेलं तर घाबरू नका. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानुसार आंतरराष्ट्रीय व्यवहार आपणहून सुरू करावे लागतात. बँकेच्या ॲपमध्ये कार्डाच्या सेटिंगमध्ये तो पर्याय असतो. चालू करा, मर्यादा हजार-दोन हजारांवर ठेवा, खरेदी झाली की बंद करा.

तबकडी मागवायची घाई नको. टपालखर्च कित्येकदा रेकॉर्डच्या किमतीइतका होतो, वर कस्टम ड्युटी लागू शकते. मित्रांनी मिळून चार-पाच एकदम मागवल्या तर परवडतं, किंवा युरोपात राहणाऱ्या नात्यातल्या कुणाच्या पत्त्यावर पाठवून सुट्टीत येताना आणायला सांगा. मात्र अशी लेबलं तीनशे-पाचशे प्रतीच छापतात आणि पुन्हा छापतीलच असं नाही. एखादी खरंच हवी असेल तर ती निघते त्याच आठवड्यात घ्या, कारण पुढे डिस्कॉग्जवर तीच तिप्पट भावाने दिसते. हवेत गारठा असेल तेव्हा मागवा. मे महिन्यात पोस्टमनने उन्हात ठेवलेलं पाकीट म्हणजे वाकलेली रेकॉर्ड.

हार्ड वॅक्सच्या संकेतस्थळावर दर आठवड्याला नवी आवक लागते, प्रत्येक रेकॉर्डखाली चार-सहा शब्दांचं टिपण आणि ऐकण्यापुरता तुकडा. विकत घ्यायचं नसलं तरी ती यादी नेमाने चाळा. आणि एखाद्या लेबलचं काही आवडलं तर त्यांना दोन ओळींचा मेल टाका. जुनी रेकॉर्ड शिल्लक आहे का, भारतात पाठवाल का, एवढंच विचारा. समोर माणूस एकच असतो, कधी कधी तोच संगीतकार आणि तोच पाकिटं चिकटवणारा. उत्तराला वेळ लागू शकतो.